बटाटा रात्री पोसतो: खान्देशात घरी बटाटा लावताना

नमस्कार मंडळी. बटाटा घरी कसा लावायचा यावर बोलायला मला बोलावलंय, पण मी कधी लावायचा इथून सुरू करते, कारण आपल्याकडे सगळं तिथंच अडतं. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ पर्यंत जातो आणि त्याच आपल्या खान्देशात, धुळ्याकडे तर जास्तच, जानेवारीत पहाटे तोंडातून वाफ निघते. बटाट्याला हा थंडीचा खान्देश लागतो. तो मूळचा पेरू-बोलिव्हियाकडच्या अँडीज डोंगरातला, थंड हवेचा, त्याला आपला मे महिना कसा मानवणार?

मागे एका काकूंनी मला विचारलं होतं, "पाला ते मुक्ता व्हयना ताई, बटाटा काबर नहीत?" म्हणजे पाला तर भरपूर झाला, मग बटाटे का नाहीत? हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि बहुतेक वेळा लावायची वेळ विचारली की उत्तर सापडतं. उन्हाळ्यात घरातल्या बटाट्याला कोंब आले म्हणून कुंडीत खुपसले, वर हिरवंगार झाड आलं, उपसून बघितलं तर खाली नुसते दोरे. आता हे का होतं ते नीट समजून घ्या. आपण खातो तो बटाटा म्हणजे मूळ नाहीये, ते खोड आहे. मातीखालच्या खोडातून पांढरे आडवे फुटवे निघतात आणि त्यांची टोकं फुगतात, तोच बटाटा, म्हणून तर त्याला डोळे असतात. दिवसभर पानं साखर बनवतात, ती खाली उतरते आणि टोकात स्टार्च होऊन साठते. रात्र गार असेल, म्हणजे १५ ते १८ डिग्री, तर हे काम छान चालतं. रात्र २० च्या वर गेली की ते मंदावतं, अजून तापली की झाड ती साखर श्वसनातच खर्च करतं आणि टोकांना फुगायचा इशाराच मिळत नाही, वर पाला मात्र वाढतच राहतो. त्यात कुणी युरिया दिला तर विचारूच नका, अजून पाला.

म्हणून आपल्याकडे ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लावा, आणि फेब्रुवारीचं ऊन चढायच्या आत काढा. वेळ एवढीच असते, तर जातही लवकर येणारी घ्या. कुफरी चंद्रमुखी किंवा कुफरी पुखराज ८०-९० दिवसांच्या आसपास तयार होतात, कुफरी लवकर ही तर आपल्या दख्खनच्या पठारासाठीच काढलेली जात. ह्या कुफरी जाती शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेच्या. उशीर झालाच असेल तर त्यांचीच कुफरी सूर्या बघा, ती उष्णता थोडी जास्त सहन करते, पण तिच्या भरवशावर मार्चमध्ये लावू नका.

बाजारातला बटाटा लावला तर चालतो का? उगवतो, पण दोन अडचणी आहेत. काही कोल्ड स्टोरेजमध्ये कोंब येऊ नयेत म्हणून औषध मारलेलं असतं, आणि खाण्याच्या बटाट्यात व्हायरस असला तर वरून दिसत नाही, तो सरळ पुढच्या झाडात उतरतो. बियाण्याचाच बटाटा मिळाला तर उत्तम.

आता हे दोन बटाटे बघा, पुढे पाठवा, हातात घेऊन बघा. हा पहिला अंधाऱ्या डब्यात राहिलेला, ह्याचे कोंब लांबलचक, पांढरे, बोट लागलं की मोडतात. हा दुसरा खिडकीजवळ, थेट ऊन नाही पण उजेड आहे अशा जागी ठेवलेला, ह्याचे कोंब आखूड, जाड, जांभळट हिरवे, आणि बुडाशी बारीक बारीक गाठी दिसतायत बघा, तिथून मुळं सुटणार. लावायचा तो हा दुसरा. आणि शक्यतो अख्खाच लावा, कोंबडीच्या अंड्याएवढा बास. मोठा असेल तर कापायचा, तुकड्याला दोन-तीन डोळे हवेत, पण कापलेला भाग दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्या. आपल्याकडे नोव्हेंबरात पण माती गरम असते, ओला काप लगेच मातीत गेला की सडलाच समजा.

माती. आपली काळी माती कापसाला राणी आहे पण बटाट्याला तशीच नको. ती ओली झाली की फुगून घट्ट बसते, बटाटे वेडेवाकडे होतात, आणि वाळली की भेगा पडतात. ह्या भेगांकडे लक्ष द्या, कारण त्यातून उजेड आत जातो आणि बटाट्याची पाकोळी, म्हणजे एक छोटा पतंग, आत जाऊन अंडी घालते, मग काढताना बटाट्यात अळीची भोकं. कुंडीसाठी काळी माती निम्म्याहून कमी घ्या, बाकी नदीकाठचा पोयटा म्हणजे गाळाची माती, चांगलं कुजलेलं शेणखत, गांडूळखत, थोडी वाळू. शेण ताजं अजिबात नको. आणि चुलीची राख घालायची सवय आहे आपल्याला, ती इथे टाळा, आपली माती आधीच अल्कधर्मी, राखेनं अजून वाढतं आणि सालीवर खरुज येते. पालाश म्हणजे पोटॅश हवाच असतो, त्याला आपल्याकडे केळी आहे की, रावेर-यावलकडे खोडं ढीगभर पडलेली असतात, ती कुजवून घाला.

भांडं काहीही चालेल, सिमेंटची रिकामी गोणी स्वच्छ धुऊन, रंगाची बादली, १५ इंची ग्रो बॅग, फक्त खाली भोकं हवीत. अशा एका पिशवीत एकच झाड, फार तर दोन. काळी ग्रो बॅग असेल तर पश्चिमेच्या भिंतीला टेकवू नका, दुपारी ती तापते, बाहेरून गोणपाट गुंडाळा. सुरुवातीला पिशवी अर्धीच भरा, बटाटा चार बोटं खाली ठेवा, झाड वीतभर झालं की शेंडा उघडा ठेवून माती लावा, पंधरा दिवसांनी परत. वाफ्यात असेल तर दोन फुटांवर सऱ्या, वरंब्यावर वीतभर अंतरानं बटाटे, तीच भर दोन्हीकडून ओढायची. व्हिडिओत दाखवतात तसे पिंपभर थर चढवून लवकर येणाऱ्या जातीला मजल्यामजल्यावर बटाटे लागत नाहीत, ते बियाण्याच्या वरच्या थोड्याच मातीत लागतात. भर लावायची ती बटाटा उजेडात येऊन हिरवा होऊ नये म्हणून. एका पिशवीत किलो-सव्वा किलो निघाला तरी झकास समजा.

पाण्याचं काय, तर सारखं पाहिजे, एकदम नको. कधी कोरडं कधी भरपूर असं केलं की बटाटा तडकतो किंवा त्याला गाठी फुटतात. बटाटे धरायच्या वेळी, म्हणजे लागवडीनंतर महिनाभराने, माती वाळू देऊ नका, खरुजही त्याने आटोक्यात राहते. वरून केळीची वाळलेली पानं अंथरा, माती गार राहते. पाणी सकाळी, मुळाशी, पानांवर संध्याकाळी शिंपडू नका. डिसेंबरात अवकाळी ढग आले, दव पडलं की करपा झपाट्यानं येतो, ह्याच करप्यानं १८४५ नंतर आयर्लंडमध्ये पिकं गेली आणि दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, त्यामुळे काळे डाग दिसले तर ती पानं तोडून लगेच बाहेर टाका, खतात नको. आणि ज्या मातीत आत्ता वांगी, टोमॅटो, मिरची होती तिथे बटाटा नको, सगळी एकाच कुळातली, रोगही सारखेच, आपल्या घरी भरताची वांगी असतातच म्हणून मुद्दाम सांगते.

काढायच्या आधी आठ-दहा दिवस पाणी बंद, पाला कापून टाका, साल घट्ट होते. अंगठ्यानं घासून बघा, साल निघत असेल तर अजून थांबा. काढल्यावर धुवायचे नाहीत, सावलीत पसरून सुकवा, मग अंधाऱ्या हवेशीर जागी ठेवा. फ्रिजमध्ये नको, गारठ्यानं स्टार्चची साखर होते आणि तळताना काळपट पडतात. साल हिरवी झालेला बटाटा मात्र खाऊ नका, त्यात सोलानिन नावाचं विष वाढलेलं असतं, ते उकडून जात नाही. थोडासाच हिरवा असेल तर तो भाग जाड कापून काढा, सगळा हिरवा असेल तर फेकून द्या, लहान मुलांच्या ताटात तर अजिबात नको.