विसर्गाच्या जागी कोलन नको

मंडळी, पुण्यात विरामचिन्हांवर बोलायचं म्हणजे मेजर थॉमस कँडींचं नाव आधी घ्यायला हवं. मराठीत ही चिन्हं रुळवण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं, आणि इथल्या संस्कृत पाठशाळेचा कारभारही त्यांनी पाहिला होता. चिन्ह कुठे द्यायचं, हे त्या पिढीने शिकवलं. आपल्याला आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. दिसायला सारख्या दोन चिन्हांपैकी नेमकं कोणतं टाइप करायचं?

अप्पा बळवंत चौकाजवळ मी डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर पुस्तकांची पानं लावायचं काम करते. संतवाङ्मयावरच्या एका पुस्तकाची शब्दसूची करत होते. वर्डमध्ये ‘दुःख’ शोधला, तर एका अख्ख्या प्रकरणात तो सापडेचना. पानं डोळ्यांनी चाळली, तर जागोजागी तोच शब्द! टाइप करणाऱ्याने विसर्गाऐवजी कोलन दिला होता. प्रिंटवर फरक कळत नव्हता. पण कॉम्प्युटरच्या लेखी तो ‘दुःख’ नव्हताच. ‘दु’, मग कोलन, मग सुटा ‘ख’. सूची पुन्हा पहिल्यापासून केली. लेखक वयस्कर होते, पुस्तकाची वाट पाहत होते, फार वाईट वाटलं.

युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर ज्या पद्धतीने प्रत्येक अक्षराला आणि चिन्हाला वेगळा क्रमांक देतो तिच्यात, विसर्गाचा क्रमांक ०९०३. वर्डमध्ये शंका आली, की त्या दोन ठिपक्यांच्या लगेच पुढे कर्सर ठेवून ऑल्ट-एक्स दाबा. ०९०३ उमटलं तर विसर्ग, ००३ए उमटलं तर कोलन. पुन्हा ऑल्ट-एक्स दाबलं, की क्रमांक जाऊन चिन्ह परत येतं. म्हणजे क्रमांक पाठ असेल तर हवं ते चिन्ह असंच आणता येतं. तेवढ्यापुरता कीबोर्ड इंग्रजीवर घ्या, देवनागरी आकडे चालत नाहीत.

इन्स्क्रिप्ट, म्हणजे कळींवर थेट देवनागरी अक्षरं असलेला कीबोर्ड वापरणाऱ्यांची ही चूक सहसा होत नाही. तिथे कोलनच्या जागी ‘छ’ बसलाय, आणि विसर्ग शिफ्ट धरून हायफनच्या कळीवर मिळतो. फोनेटिकवर, म्हणजे उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरं दाबून टाइप करणाऱ्यांनी मात्र आपल्या कीबोर्डवर विसर्ग कुठे आहे, ते आज घरी जाऊन शोधाच.

जुनी फाइल सुधारताना सगळे कोलन एका फटक्यात बदलू नका. ‘वेळ: सायंकाळी ६’ यातला कोलन खरा आहे. ‘दु:ख’, ‘अंत:करण’, ‘नि:शब्द’, ‘प्रात:काल’ असे एकेक शब्द घेऊन फाइंड-रिप्लेस करा. वेळ लागतो, लागू द्या.

डॅशचं थोडक्यात सांगते. ‘१९४७–५०’ अशा कालावधीत छोटा डॅश, क्रमांक २०१३. वाक्यात येणारा लांब डॅश २०१४. लागोपाठची दोन सालं, विसरायला होत नाही.

आणि आद्याक्षरं. ‘पु.’ एका ओळीच्या टोकाला आणि ‘ल. देशपांडे’ खालच्या ओळीत, असं छापलेलं पाहिलं की मला राहवत नाही. ‘पु.’नंतर नेहमीचा स्पेसबार न दाबता कंट्रोल आणि शिफ्ट धरून दाबा. ती जागा तुटत नाही, ‘पु. ल.’ एकाच ओळीत राहतात. ‘ल.’नंतरही तसंच केलं, तर आडनावही सोबत येतं.

ज्यांनी लॅपटॉप आणलेत, त्यांनी आपली एखादी जुनी फाइल उघडा आणि ‘दुःख’ शोधून बघा. मी तुमच्या टेबलापाशी येते.