रिपोर्टमधला 'अॅट्रॉफी' शब्द

नमस्कार मंडळी. आमच्या मावशीला, वय 74, सकाळी उठलं की चक्कर यायची म्हणून एमआरआय काढला, डॉक्टर भेटणार दोन दिवसांनी पण धीर कुणाला, भाच्याने मोबाईलवर रिपोर्ट उघडला आणि त्यात 'एज रिलेटेड सेरेब्रल अॅट्रॉफी', म्हणजे वयामुळे मेंदू आटणं. सगळ्यांची तोंडं उतरली. मावशी मटार सोलत होती, म्हणाली, "मेंदू आटलाय होय? उंची पण आटलीये की, तिचा नाही काढला फोटो."

खरंच, एवढंच असतं ते. चाळिशीनंतर मेंदू दर दहा वर्षांत साधारण 5 टक्के आटतो, सत्तरीनंतर जरा जास्तच. पेशी धडाधड मरतात असं आधी वाटायचं, तसं नाहीये, बहुतेक पेशी राहतात पण त्यांच्या फांद्या आणि एकमेकींशी असलेले जोड कमी होतात, त्यातही कपाळामागचा भाग आणि आठवणींचा हिप्पोकॅम्पस जास्त. म्हणून शेजारणीचं नाव ओठांवर येऊन अडतं आणि अर्ध्या तासाने पोळ्या लाटताना आठवतं. शब्दांचा साठा मात्र शाबूत, मावशीच्या तोंडाला लागून बघा!

आता रक्त. मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण मिनिटाला पाऊण लिटर रक्त पितो. 1940 च्या दशकात केटी आणि श्मिट या संशोधकांनी माणसाला चक्क लाफिंग गॅस हुंगवून हे मोजलं. वयाबरोबर हा पुरवठा हळूहळू घटतो, रक्तवाहिन्या ताठर होतात, बीपी, शुगर, सिगरेट असेल तर आणखीच.

डॉक्टरांनी त्या अॅट्रॉफीकडे बघितलंही नाही, पहिला प्रश्न: "डोकं कुठे आपटलं होतं का?" कारण कवटी तेवढीच राहते, आतला मेंदू लहान होतो, मधल्या फटीतल्या बारीक शिरा ताणल्या जातात आणि कपाटाचं दार लागण्याइतक्या साध्या टोल्यानेही त्यातून रक्त झिरपू शकतं, लक्षणं कधीकधी कित्येक आठवड्यांनी दिसतात. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर हे आवर्जून सांगा.

मावशीच्या रिपोर्टात तसलं काही नव्हतं. उठून उभं राहिलं की बीपी खाली यायचं, गोळीचा डोस बदलला. आता ती खाटेवर पाय सोडून बसते, अख्खं मारुतीस्तोत्र म्हणते, मगच उठते, आणि तोवर चहा आयता हातात लागतो तिला.