चेंडू सुटला, पिशवी पडली

(दृश्य: खेळाडूंचा ढीग. हेल्मेट, कोपरं, चुरगळलेलं गवत.)

या ढिगाखाली एक चेंडू आहे. दोन्ही टोकांना निमुळता, त्यामुळे पडला की कुठे उसळेल याचा नेम नाही. धावणाऱ्याच्या हातून तो निसटला. अमेरिकन फुटबॉलमध्ये याला म्हणतात फंबल. आता ज्याच्या हाती लागेल त्याचा. पंच एकेकाला दंडाला धरून उठवतायत. तळाशी कुणीतरी तो पोटाशी कवटाळून पडलाय. पंचाचा हात ज्या दिशेला, चेंडू त्या संघाचा.

(दृश्य: गवतावर छोटी पिशवी, अगदी जवळून.)

आणि ही बीनबॅग. बसायची नव्हे, मुठीएवढी. चेंडू सुटताना पंचाने ती टाकली, जागेची खूण म्हणून. सगळं स्टेडियम ढिगाकडे बघतं, हिच्याकडे कुणी नाही. पण चेंडू पुढे घरंगळत मैदानाबाहेर गेला, तर खेळ पुन्हा हिच्यापाशीच येतो.

हिचा खरा मान चौथ्या डाउनला. दहा यार्ड सरकायला चार प्रयत्न, त्यातला हा शेवटचा. कॉलेजच्या नियमांत इथे सुटलेला चेंडू आपल्या बाजूने फक्त ज्याच्या हातून सुटला तोच पुढे नेऊ शकतो. साथीदाराने उचलला की खेळ थांबला. पिशवीच्या पुढे उचलला असेल, तर चेंडू परत पिशवीपाशी. नाहीतर अडलेला खेळाडू पडता पडता चेंडू मुद्दाम पुढे लोटेल आणि 'सुटला हो' म्हणेल! प्रतिस्पर्ध्यांना मात्र ही अट नाही. त्यांनी उचलावा आणि पळत सुटावं.

(दृश्य: जुनं चित्रण. गच्च भरलेलं स्टेडियम.)

17 ऑक्टोबर 2015, अमेरिकेतलं ॲन आर्बर. दोन विद्यापीठांचे संघ: मिशिगन 23, मिशिगन स्टेट 21. चौथा डाउन, दहा सेकंद बाकी. मिशिगनचा पंटर ब्लेक ओनीलने चेंडू लाथेने लांब धाडायचा, बस. पण चेंडू हातात बसत नाही. उचलून, वळून तो लाथ मारायला जातो आणि चेंडू उडतो तो थेट मिशिगन स्टेटच्या जेलन वॉट्स-जॅक्सनच्या हातात. मिशिगनच्या अकरा जणांत तो पुढे न्यायचा हक्क एकट्या ओनीलला. समोर अकराच्या अकरा मोकळे.

अडतीस यार्ड. घड्याळ शून्यावर. मिशिगन स्टेट 27-23.

त्याच धावेत वॉट्स-जॅक्सनचा खुबा निखळला.

(दृश्य: सरावाचं मैदान. पंच वाकून पिशवी उचलतो, कमरेला खोचतो.)

दुसरा डाउन.