लेफ्टनंट जनरल थोरात आणि न वाचलेला रिपोर्ट

नमस्कार मंडळी. सेनापती म्हटलं की आपल्याकडं माणेकशॉ आठवतात, थिमय्या आठवतात, पण कोल्हापूरच्या वडगावात १९०६ साली जन्मलेले शंकरराव पांडुरंग पाटील थोरात, म्हणजे एस. पी. पी. थोरात, हे नाव घेतलं की निम्मे लोक गप्प बसतात आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. म्हणून आज पूर्ण वेळ त्यांच्यावरच बोलणार आहे.

सुरुवातीचं पटकन सांगतो. इंग्लंडात सॅंडहर्स्टला ट्रेनिंग, १९२६ ला कमिशन, मग गोऱ्या साहेबांच्या फौजेत बरीच वर्षं नोकरी. खरी चमक दिसली ती जानेवारी १९४५ मध्ये, ब्रह्मदेशात, आराकानच्या किनाऱ्याजवळ कांगॉच्या लढाईत. तिथं ५१ ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे कमांडर भारतीय होते. त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती, कारण हिंदी अधिकाऱ्याला लढाईत पलटण सांभाळता येईल का यावरच साहेब लोकांचा विश्वास नव्हता. थिमय्या, थोरात आणि एल. पी. सेन. तिघांनाही डीएसओ, म्हणजे ब्रिटिशांचं लढाईतल्या कामगिरीचं मोठं पदक, मिळालं. ही तीन नावं लक्षात ठेवा, पुढं परत येणार आहेत.

आता कोरिया. १९५३ ला युद्ध थांबलं पण २२ हजारांच्या वर चिनी आणि उत्तर कोरियन कैदी असे होते की ज्यांना मायदेशी परत जायचंच नव्हतं, मग त्यांना सांभाळायला भारताची सुमारे ६ हजारांची फौज गेली, कमांडर थोरात. दक्षिण कोरियाच्या सरकारनं सांगितलं की हिंदी शिपायाचा पाय आमच्या जमिनीला लागता कामा नये, म्हणून आपले जवान बोटीवरून थेट अमेरिकन हेलिकॉप्टरनं दोन सैन्यांमधल्या मोकळ्या पट्ट्यात उतरवले! सप्टेंबर महिन्यात कैद्यांनी आपल्या एका मेजरला कुंपणाच्या आत ओढून नेलं. आत हजारभर चवताळलेले कैदी, बाहेर आपले जवान बंदुका रोखून. गोळीबार केला असता तर मेजर तर गेलाच असता, पण शेकडो कैदीही मेले असते आणि जगभर भारताचं नाव खराब झालं असतं. थोरात स्वतः आत गेले. दगडफेक झाली, आरडाओरडा झाला, ते ऐकत बसले, आणि मग म्हणाले की चिनी माणूस पाहुणचारासाठी प्रसिद्ध असं आम्ही ऐकत आलो, आणि मी इथं इतका वेळ आलोय तर मला कुणी साधा चहा नाही विचारला. कैदी वरमले. चहा आला, सिगारेट आली आणि मेजर सुटला. एक गोळी उडाली नाही. मला विचाराल तर कांगॉपेक्षा ही हिंमत मोठी.

पण आज मी मुळात आलोय ते १९५९ च्या ऑक्टोबरबद्दल बोलायला. थोरात तेव्हा ईस्टर्न कमांडचे प्रमुख, हेडक्वार्टर लखनौला. ऑगस्टमध्ये सीमेवरच्या लॉंगजू ठाण्याला चिन्यांशी चकमक झाली आणि नेफाची, म्हणजे आजच्या अरुणाचलची सीमा लष्कराकडं आली. थोरातांनी जमीन बघितली, हिशोब केला. फळ्यावर मी जे काढलंय ते बघा. इकडं तिबेटचं पठार, तिथं चिन्यांनी रस्ते केलेत, ट्रक सीमेजवळ येतो. इकडं आपण, तेजपूरच्या मैदानातून चढायचं, बोमडिला साधारण ८ हजार फूट, मग सेला जवळजवळ १४ हजार, मग तवांग, वाट अशी की पाऊस आला की दरड, आणि पुढच्या पोस्टला पीठमीठ सुद्धा विमानातून टाकायचं. मग लढायचं कुठं? थोरात म्हणाले, सीमेवरच्या छोट्या पोस्टनी नुसती खबर द्यायची, जशी दाराबाहेरच्या कुत्र्यानं भुंकायचं असतं, त्यानं दरोडेखोराशी कुस्ती खेळायची नसते. खरी लढाई मागं, बोमडिलाच्या लाईनवर, आपण निवडलेल्या जमिनीवर. तिथवर येईपर्यंत शत्रूची रसद लांबते, आपली आखूड होते. त्यासाठी किती फौज लागेल, किती तोफा, किती रस्ते, सगळं लिहून ८ ऑक्टोबरला लष्करप्रमुख थिमय्यांकडं पाठवलं. त्यांना पटलं, त्यांनी संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यापुढं ठेवलं, आणि तिथं ते अडकलं. मेनन यांचं मत पक्कं होतं की चीन हल्ला करणार नाही.

थोरात गप्प बसले नाहीत हं. १७ मार्च १९६० ला लखनौला ‘लाल किल्ला’ नावाचा युद्धसराव घेतला आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांना बोलावून नकाशावर दाखवलं की चिनी कुठून येतील, कसे येतील. आणखी काय करायचं होतं त्या माणसानं?

१९६१ च्या मे महिन्यात थिमय्या निवृत्त झाले. आपल्यामागं थोरात यावेत ही त्यांची इच्छा होती, पण सेवाज्येष्ठ थापर प्रमुख झाले आणि थोरातही निवृत्त झाले. पुढच्या वर्षी २० ऑक्टोबरला हल्ला झाला तेव्हा ब्रिगेडियर जॉन दळवींची ७ ब्रिगेड अगदी सीमेला लागून, नामका चू नदीच्या काठावर, खोलगट जागी उभी होती, थंडीचे पुरेसे कपडे नाहीत की दारूगोळा नाही. सकाळच्या काही तासांत ब्रिगेड संपली, दळवी कैद झाले. नोव्हेंबरमध्ये सेला गेलं, बोमडिला गेलं. आणि तेव्हा ईस्टर्न कमांडवर कोण होतं? एल. पी. सेन. कांगॉचे तिसरे.

पराभवानंतर नेहरूंनी थोरातांना दिल्लीला बोलावून घेतलं. थोरातांनी स्वतः लिहून ठेवलंय की तीन वर्षांपूर्वीचा तो कागद बघून नेहरूंनी विचारलं, हे मला का दाखवलं नाही? ते मेननच सांगू शकतील, एवढंच थोरात म्हणाले.