ग्लॉस्टर टेकडीच्या पलीकडची २९वी ब्रिगेड

मंडळी, आज बोलायचंय कोरियातल्या लढाईबद्दल, पण सुरुवात पुण्यातून करतो. डिसेंबर १९४२ मध्ये पुण्यात ३६वी इंडियन डिव्हिजन उभी राहिली, समुद्रातून किनाऱ्यावर उतरून लढायची तयारी करणारी. नाव इंडियन, पण तिच्यात जी २९वी ब्रिगेड आली ती ब्रिटिश पलटणींची होती. त्याच वर्षी मे महिन्यात हीच ब्रिगेड मादागास्करला दिएगो सुआरेझ बंदर घ्यायला उतरली होती, आणि पुढे १९४४ मध्ये ती आधी आराकानात आणि मग उत्तर ब्रह्मदेशात रेल्वेलाइनच्या कडेकडेने लढत गेली.

आता ब्रिगेड म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण रेजिमेंट आणि ब्रिगेड यात आपला नेहमी गोंधळ होतो. रेजिमेंट म्हणजे घराणं, तिला निशाण असतं, जुन्या लढायांच्या आठवणी असतात, माणूस आयुष्यभर तिचाच राहतो. ब्रिगेडला नुसता नंबर. तीन-चार वेगवेगळ्या घराण्यांच्या बटालियन, सोबत तोफा, रणगाडे, सॅपर म्हणजे पूल-सुरुंगवाले इंजिनिअर, सिग्नलवाले असं सगळं एका ब्रिगेडियरच्या हाताखाली बांधायचं आणि काम झालं की सोडून द्यायचं. म्हणून रेजिमेंटचा इतिहास लिहायला घरचे लोक असतात आणि ब्रिगेडला कोणी वालीच नसतो, आणि माझं आजचं सगळं बोलणं याच्यावरच आहे.

महायुद्ध संपल्यावर जुनी ब्रिगेड मोडली. पुढे हाच नंबर घेऊन नवी उभी राहिली आणि नोव्हेंबर १९५० मध्ये ती संयुक्त राष्ट्रांच्या बाजूने, उत्तर कोरिया आणि चीनविरुद्ध लढायला, कोरियात पुसानला उतरली, कमांडर ब्रिगेडियर टॉम ब्रॉडी, खांद्यावर काळ्या कापडावर पांढरं वर्तुळ. तीन बटालियन होत्या, ग्लॉस्टरशायर, रॉयल नॉर्थम्बरलँड फ्युझिलियर्स आणि रॉयल अल्स्टर रायफल्स. यात खूप जण रिझर्व्हवरून परत बोलावलेले, म्हणजे महायुद्ध लढून घरी गेलेले, नोकरीला लागलेले, पोरंबाळं असलेले लोक, त्यांना पुन्हा बूट घालायला लावले. १९५१ च्या जानेवारीत सोलच्या उत्तरेला 'हॅपी व्हॅली' नाव पडलेल्या दरीत अल्स्टरवाल्यांना फार मोठा मार बसला. ही लढाई आज कोणाला आठवतही नाही.

आणि मग एप्रिलमध्ये इमजिन नदी. ब्रिगेड चारेक हजारांची, बेल्जियन बटालियनही सोबत होती, आणि सांभाळायचा पट्टा तेवढ्या माणसांच्या मानाने फारच लांब. नकाशावर बघा, डावीकडे ग्लॉस्टर, मधे फ्युझिलियर, बेल्जियन तर नदीच्या पलीकडच्या काठावर, अल्स्टर मागे राखीव, आणि ग्लॉस्टर आणि फ्युझिलियर यांच्यामध्ये काही किलोमीटर मोकळे डोंगर. लवकरच पुढे सरकायचंय असं धरून चालल्यामुळे सुरुंग पेरलेले नाहीत, काटेरी तारही जेमतेम. नदी चालत ओलांडता येत होती. २२ एप्रिलच्या रात्री चिनी फौज पाण्यात उतरली.

दुसऱ्या दिवशी सेंट जॉर्ज डे, फ्युझिलियरांचा सण. त्या दिवशी टोपीला लाल-पांढरे गुलाब लावायची त्यांची रीत, आणि काही जण खरंच तसे गुलाब लावूनच लढत होते.

ग्लॉस्टरची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. चारी बाजूंनी वेढा पडला, सगळे हिल २३५ वर, म्हणजे ज्या टेकडीला पुढे ग्लॉस्टर टेकडी म्हणायला लागले तिच्यावर, गोळा झाले, २४ तारखेला फिलिपिनो सैनिक आणि ब्रिटिश रणगाडे सोडवायला निघाले तर अरुंद वाटेत सगळ्यात पुढचाच रणगाडा फुटला आणि रस्ता बंद. ब्रॉडीने अमेरिकन जनरलला परिस्थिती सांगताना 'जरा ओढाताण चाललीय' अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं आणि समोरच्याला ती खरोखरच 'जरा' वाटली, असं सांगतात. पण मला वाटतं दोष एका शब्दाचा नाही, पट्टाच इतका लांब होता की नीट सांगितलं असतं तरी भोकं बुजवायला माणसं आणायची कुठून?

२५ तारखेच्या पहाटे चिनी बिगुल वाजायला लागले तेव्हा बस आडनावाचा ड्रम मेजर, म्हणजे पलटणीच्या वाजंत्र्यांचा प्रमुख, उभा राहिला आणि त्याने बिगुलावर उठायची, जेवणाची अशा पलटणीच्या सगळ्या हाका एकामागून एक वाजवल्या, फक्त माघारीची सोडून. नंतर ग्लॉस्टरचे कमांडर कर्नल कार्न यांनी, जमेल त्यांनी निसटा, असा हुकूम दिला. डॉक्टर आणि पाद्री जखमींजवळच थांबले. कॅप्टन हार्वीची तुकडी उलटी, आधी उत्तरेला, मग वळसा घालून निघाली, त्यातले चाळीसएक सुटले. पाचशेच्या वर कैद झाले.

पण त्याच सकाळी दुसऱ्या रस्त्यावर काय चाललं होतं ते कोण सांगतं? फ्युझिलियर, अल्स्टर आणि बेल्जियन दरीतून मागे येत होते, दोन्ही बाजूंच्या डोंगरावरून गोळीबार, सेंच्युरियन रणगाड्यांच्या पाठीवर जखमी निजवलेले, चिनी सैनिक रणगाड्यांवर चढतायत आणि त्यांना झटकायला एक रणगाडा थेट घराच्या भिंतीतून आरपार गेला. फ्युझिलियरांचे कर्नल फॉस्टर तिथेच मारले गेले. ब्रिगेडचे एकूण १०९१ लोक मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले, त्यात सहाशेच्या वर ग्लॉस्टर. मग उरलेले साडेचारशेच्या वर? ते कोणाचे?

आपल्याकडच्या लोकांचाही यात संबंध आहे. त्याच दिवसांत पूर्वेकडे कापयाँगला लढणाऱ्या २७व्या ब्रिगेडबरोबर कर्नल रंगराज यांची ६०वी पॅराशूट फील्ड अँब्युलन्स, म्हणजे भारतीय लष्कराचं वैद्यकीय पथक, होती. आणि १९५३ ला मायदेशी जायला नकार देणाऱ्या कैद्यांना सांभाळायला भारताची फौज गेली तिचे कमांडर आपल्या कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. त्यांच्या ताब्यात बावीस हजारांवर चिनी आणि उत्तर कोरियन होते, आणि दुसऱ्या बाजूचे, म्हणजे चीन आणि उत्तर कोरियाने पकडलेले, जे साडेतीनशेएक होते त्यांत ब्रिटिश फक्त एक. ग्लॉस्टरचे कैदी तोवर सुटून घराच्या वाटेला लागले होते. कर्नल कार्न यांना बराच काळ एकांतात डांबलं होतं, तिथे त्यांनी दगड घासून घासून एक छोटा क्रूस बनवला, तो ग्लॉस्टरच्या कॅथेड्रलमध्ये ठेवलाय आणि लोक मुद्दाम बघायला जातात.

हॅपी व्हॅलीतल्या लोकांसाठी अल्स्टरवाल्यांनी त्या दरीतच एक दगडी स्तंभ उभारला होता. नंतर तो जहाजातून परत आणला. आता तो बेलफास्टच्या सिटी हॉलच्या आवारात आहे. तुमच्यापैकी कोणाची मुलं तिकडे असतील तर त्यांना सांगा, कधी जवळून गेलात तर दोन मिनिटं थांबून त्याच्यावरचं वाचा.