दाब नॉर्मल आहे म्हणे

अध्यक्ष महोदय, वाचनालयाची मंडळी आणि मंडईचा बाजार सोडून इथे सावलीत बसलेले तुम्ही सगळे, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय 'काचबिंदू आणि डोळ्याच्या ऊतींचं गणित'. मागच्या रांगेतल्या पोरांनी पळू नये, फळा आणलेला नाही. आणि मी डॉक्टर नाही. जन्मभर इंजिनिअरिंगच्या मुलांना यामिकी शिकवली, म्हणजे कशावर किती भार आला की ते मोडतं, एवढंच मला कळतं. हे आधी सांगावं लागतं. लाखांदूरला भाषणानंतर एका आजोबांनी चष्म्याची दांडी बसवायला दिली होती.

तर माझे मोठे मामा. पवनीकडचे, धानाचे शेतकरी. रोवण्याच्या दिवसांत पऱ्ह्यांच्या पेंढ्या घेऊन धुऱ्यावरून चालताना सारखे उजवीकडच्या बांधीत उतरायचे. उतरायचे म्हणजे पडायचेच, पण मामांच्या भाषेत उतरायचे. उजवीकडून सायकल आली की अंगावर आल्यावरच कळायचं. मामी म्हणाली, चपला बदला. मग गावात डोळ्यांचं शिबिर आलं. कोणाचं ते जाऊ द्या. टॉर्च मारली, अक्षरं वाचायला लावली. मामांनी शेवटची ओळसुद्धा खडखडीत वाचली. चिठ्ठीवर लिहून आलं: डोळ्याचा दाब 17, नॉर्मल, मोतीबिंदू कच्चा, पुढच्या वर्षी यावे. झालं! मामांनी ती चिठ्ठी बंडीच्या खिशात घालून गावभर मिरवली. कोणी काही म्हटलं की, "मले बराबर दिसते जी, कागदच हाये माह्याजवळ."

आता यात मामांचं काय चुकलं? त्यांना होता काचबिंदू, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू वाळते. त्यात कडेची नजर आधी जाते, मधली बहुतेक वेळा अगदी शेवटपर्यंत टिकते. अक्षरं मधल्या नजरेने वाचतात. सहसा दुखत नाही, खुपत नाही. पुढच्या वर्षाची वाट पाहून नागपूरला नेलं, तोवर उजव्या डोळ्याची नस बरीच वाळली होती. गेलेली नजर काही परत येत नाही.

शिबिरवाल्यांवर माझा फार राग नाही. 1976 पासून आपल्याकडे अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे आणि त्याचा जोर मोतीबिंदूवर राहिला. मोतीबिंदू काढता येतो, किती काढले ते फलकावर लिहिता येतं. माझा राग आहे तो त्या सतरावर. 10 ते 21 मिलिमीटर पारा म्हणजे नॉर्मल, असं धरून चालतात. पण यंत्र डोळ्याच्या आत जात नाही, बाहेरून कॉर्निया, म्हणजे बुबुळावरची पारदर्शक काच, दाबून अंदाज बांधतं. गोल्डमनचं प्रसिद्ध यंत्र 3.06 मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ सपाट करतं आणि कॉर्नियाची जाडी साधारण 520 मायक्रॉन, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर, असेल असं गृहीत धरतं. ज्याचा कॉर्निया पातळ, त्याचा दाब खऱ्यापेक्षा कमी दिसतो. मामांचा नागपूरला मोजला, पातळच निघाला.

बरं, सतरा खरा धरला तरी काय? जपानात ताजिमी शहरात मोठी पाहणी झाली. तिथे नेहमीच्या म्हणजे उघड्या कोनाच्या काचबिंदूच्या रुग्णांत 92 टक्के लोकांचा दाब 21 किंवा त्याच्या आतच होता. म्हणजे दाब नॉर्मल, आणि नस मरतेच आहे! 17 मिलिमीटर पारा म्हणजे सुमारे 23 सेंटिमीटर पाणी. वीतभर.

वीतभर पाण्याने काय होतं, असं तुम्ही तरी विचारू नका. कोहळ्यांनी बांधलेल्या तलावांच्या मुलखात राहता तुम्ही. पाळीला धोका कुठे असतो? तुडुमापाशी, पाळीतून पाणी सोडायच्या मोरीपाशी. भरीव मातीतून पोकळ काही आरपार नेलं की पाणी त्याच्या कडेने वाट शोधतं. तलावात पाणी किती, एवढं सांगून कोणी जाणता माणूस पाळीची खात्री देईल का? तो विचारेल, माती चिकण की मुरमाड, रुंदी किती, तुडूम कसं बसवलंय.

...चिठ्ठी आली. वडशाची नाटक कंपनी पोचली, मंच रिकामा हवा. पडदा बांधायला वेळ लागतो म्हणे. बरं, तर ज्यासाठी बोलावलं ते आता उभ्या उभ्या ऐका.

डोळा म्हणजे अंदाजे 12 मिलिमीटर त्रिज्येचा पोकळ गोळा. मागची पांढरी भिंत सुमारे 1 मिलिमीटर जाड. भिंतीतला ताण बरोबर दाब गुणिले त्रिज्या, भागिले जाडीची दुप्पट. म्हणजे दाबाच्या सहापट. जाडी निम्मी झाली तर बारापट. मोठा मायनस नंबर असलेल्यांचा डोळा लांबलेला, भिंत पातळ. त्यांना काचबिंदूचा धोका जास्त, तो याच सूत्रात दिसतो. मागे नस बाहेर पडते तिथे भिंतीला भोक आहे. सगळीकडून सारख्या ताणलेल्या पत्र्याला गोल भोक पाडलं की कडेचा ताण दुप्पट होतो. त्या भोकात कोलॅजन नावाच्या चिवट प्रथिनाची जाळी, तिच्यातून नसेचे दहा लाखांहून जास्त तंतू जातात. जाळीच्या पलीकडे मेंदूतल्या पाण्याचा दाब, म्हणून खरा भार दोन दाबांतल्या फरकाचा.

2005 साली टोरांटोच्या सिगल आणि ईथियर यांच्या गटाने संगणकात डोळ्याचे छोटे छोटे तुकडे जोडून प्रतिकृती केली आणि एकेक गोष्ट बदलून पाहिली. सगळ्यात जास्त फरक पडला तो पांढऱ्या भिंतीच्या ताठरपणाने. मग डोळ्याचा आकार, आतला दाब, जाळीचा ताठरपणा, भिंतीची जाडी. पाचांत दाब एक! दोघांचा दाब 17 असला तरी एकाची जाळी शाबूत राहते, दुसऱ्याची वाकते, ती यामुळे. तरी औषध दाबावरच देतात, कारण आज आपल्या हातात तेवढंच आहे. आणि सतराचा बारा केला तरी उपयोग होतो. मामा रोज रात्री थेंब घालतात, डावा डोळा टिकून आहे.

तेव्हा शिबिरात गेलात तर बाहुली मोठी करून नस पाहा म्हणा, कडेच्या नजरेची तपासणी कुठे होते विचारा. घरात आईवडिलांना, भावंडांना काचबिंदू असेल तर चाळिशीनंतर न चुकता. आणि दहावीच्या पोरांनो, ते सहापट कुठून आलं? गोळा मधोमध कापला समजा. एका बाजूला दाब गुणिले पाय (π) आर वर्ग, दुसऱ्या बाजूला ताण गुणिले दोन पाय आर जाडी. पाय काटा, एक आर काटा. उरलं ते वहीत लिहा.