कॉलेजच्या गप्पा आणि इंग्रजीचा कान

श्रोतेहो, नमस्कार.

सुरुवातीलाच तुम्हाला दोन वाक्यं ऐकवते. प्रसंग साधा आहे. एका विद्यार्थिनीचं असाइनमेंट वेळेत झालेलं नाही आणि मुदत वाढवून मागायला ती प्राध्यापकांकडे गेली आहे. ते म्हणतात, "आय क्न गिव्ह यू टिल फ्रायडे." हे झालं पहिलं वाक्य. आता दुसरं ऐका. "आय कॅन्' गिव्ह यू टिल फ्रायडे." पहिल्यात शुक्रवारपर्यंत मुदत मिळाली, दुसऱ्यात नाकारली.

दोन्हींत फरक कुठे होता? पुस्तकात तो स्पष्ट दिसतो, कारण नकाराला शेवटी एक 'ट' असतो. बोलताना मात्र, विशेषतः अमेरिकन बोलण्यात, तो 'ट' बऱ्याचदा ऐकूच येत नाही. होकारातला 'कॅन' दाबून 'क्न' होतो आणि जोर पुढच्या 'गिव्ह'वर जातो. नकारात जोर त्या 'कॅन'वरच राहतो. ब्रिटिश उच्चारात नकाराचा स्वर लांबून 'कान्ट' होतो, म्हणून तिथे जरा सोपं जातं. पण अमेरिकन बोलणं ऐकताना 'ट' शोधत बसलेला विद्यार्थी फसतो. त्याला 'कॅन' स्वच्छ ऐकू आलं की तो समजतो, होकार मिळाला. खरं तर ते स्वच्छ ऐकू आलं म्हणजे बहुधा नकारच मिळालेला असतो.

मी कॉलेजात इंग्रजी शिकवते. माझ्या वर्गातली बरीच मुलं-मुली इंग्रजी वाचू शकतात, व्याकरणात गुणही मिळवतात. पण कुणी नेहमीच्या वेगात बोललं की त्यांचे चेहरे गोंधळतात. ऐकलेल्या बोलण्याचा कागद हातात दिला तर ती म्हणतात, "मॅडम, हे सगळे शब्द तर येतात!" शब्द येतात हे खरंच आहे. ते शब्द वेगात, एकमेकांना चिकटून, अर्धेमुर्धे होऊन आले की ओळखता येत नाहीत, ही अडचण आहे. आपण मराठी बोलताना साधारणपणे प्रत्येक अक्षराला त्याचं माप देतो. इंग्रजी काही शब्दांवर जोर देते आणि मधले शब्द गिळते. त्या गिळलेल्या जागा ऐकायला कान तयार करावा लागतो, आणि त्याला वेळ द्यावा लागतो.

इथेच कॉलेजच्या जगण्यातले विषय कामाला येतात. ऐकताना डोक्याला एकाच वेळी दोन कामं करावी लागतात. कानावर पडलेल्या आवाजातून शब्द वेगळे करायचे आणि त्या शब्दांतून अर्थ लावायचा. ज्वालामुखी कसा तयार होतो हे मुलांना आधी मराठीतही नीट माहीत नसलं, तर त्यावरचं इंग्रजी भाषण ऐकताना दोन्ही कामं अंगावर येतात आणि दोन्ही अर्धवट राहतात. मुदत वाढवून मागणं मात्र प्रत्येकाला माहीत असतं. सर काय म्हणतील? हो म्हणतील, नाही म्हणतील, कारण विचारतील, एखादी अट घालतील. अर्थाची चौकट आधीच तयार असते. मग सगळं लक्ष आवाजाकडे देता येतं.

शब्दांच्या बाबतीतही हे विषय सोयीचे आहेत. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी 2006 मध्ये असा हिशोब मांडला, की बोलल्या जाणाऱ्या इंग्रजीतले 98 टक्के शब्द ओळखीचे असायला हवे असतील तर सहा ते सात हजार शब्दकुटुंबं यावी लागतात. शब्दकुटुंब म्हणजे एक मूळ शब्द आणि त्याची रूपं. आकडा ऐकून धीर खचेल. पण 2013 मध्ये झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात असं दिसलं, की अनौपचारिक, गोष्टीवजा बोलणं पुरेसं समजायला 95 टक्के शब्द ओळखीचे असले तरी चालतं, आणि त्यासाठी दोन ते तीन हजार शब्दकुटुंबं पुरतात. लायब्ररीत पुस्तकाची मुदत वाढवणं, ग्रुप प्रोजेक्टची कामं वाटून घेणं, रूममेटशी रात्रीच्या दिव्यावरून झालेली कुरबूर, या बोलण्यात अवघड शब्द फार नसतात.

परीक्षा घेणाऱ्या संस्थांनीही हे विषय घेतले. टोफेल ही परदेशात शिकायला जाणाऱ्यांचं इंग्रजी तपासणारी परीक्षा. तिचं इंटरनेटवरचं रूप 2005 मध्ये सुरू झालं, तेव्हापासून तिच्या ऐकण्याच्या भागात विद्यार्थी आणि प्राध्यापक, विद्यार्थी आणि ऑफिसातले कर्मचारी यांचे संवाद ठेवले गेले. आयेल्ट्स ही तशीच दुसरी परीक्षा, तिच्या ऐकण्याच्या भागात 40 प्रश्न असतात आणि तिसऱ्या भागात अभ्यासाशी संबंधित चर्चा असते, जसं दोन विद्यार्थी शिक्षकांशी प्रोजेक्टबद्दल बोलत आहेत. पण या परीक्षांमुळे एक वाईट सवयही लागली. वर्गात रेकॉर्डिंग लावायचं, दहा प्रश्न द्यायचे, उत्तरं तपासायची आणि पुढच्या धड्याकडे जायचं. यात मुलांची चाचणी होते, त्यांना ऐकायला कुणी शिकवत नाही. जॉन फील्ड या अभ्यासकांनी या पद्धतीवर नेमकं बोट ठेवलं आहे. उत्तर बरोबर आलं तरी ते ऐकून आलं की अंदाजाने, हे शिक्षकाला कळत नाही. आणि उत्तर चुकलं तर मुलाचा कान नेमका कुठे अडखळला, तेही कळत नाही.

म्हणून मी धडा वेगळ्या प्रकारे घेते. समजा, तोच मुदतवाढीचा संवाद आहे. दीड-दोन मिनिटांचाच, त्याहून मोठा नको. आधी मी फक्त प्रसंग सांगते आणि विचारते, ही मुलगी काय कारण देईल? सर काय विचारतील? इथे मराठीत उत्तरं आली तरी माझी हरकत नसते. मग रेकॉर्डिंग लावायचं, हातात कागद-पेन काही नाही. ऐकून झालं की शेजाऱ्याला सांगायचं, शेवटी काय ठरलं. अर्धा वर्ग म्हणतो मुदत मिळाली, अर्धा म्हणतो नाही मिळाली. मी बरोबर उत्तर सांगत नाही, पुन्हा ऐकायला लावते. आता त्यांना ऐकायला खरं कारण असतं, कारण वाद सोडवायचा असतो.

जिथे मतं फुटतात तिथे मी थांबते आणि तेवढाच तुकडा चार-सहा वेळा लावते. जे ऐकू येतं ते जसंच्या तसं लिहा, देवनागरीत लिहिलंत तरी चालेल. "हँडेड इट इन" हे तीन शब्द कुणी "हँडी टिन" असं लिहितं. आता मला कळतं, की शब्दांचे सांधे त्याला सापडत नाहीयेत. तीन शब्दांचा मिळून "हँडिडिटिन" असा एकच आवाज होतो हे मग फळ्यावर दाखवता येतं, तोंडाने म्हणून घेता येतं. कागदावरचा संवाद मी यानंतरच देते, आणि तो वाचून झाल्यावर बंद करून पुन्हा एकदा ऐकायला लावते. हे शेवटचं ऐकणं कधीही वगळू नये, असं मला मनापासून वाटतं. मघाशी धूसर असलेलं वाक्य कागद न बघता स्पष्ट ऐकू येतं, तेव्हा मुलांच्या चेहऱ्यावर जो विश्वास दिसतो तो दुसऱ्या कशाने येत नाही.

मग त्याच तासाला बोलणं. ऐकलेला संवाद पाठ करून म्हणायचा नाही, त्याने काही साधत नाही. जोड्या करायच्या आणि दोघांना वेगवेगळ्या चिठ्ठ्या द्यायच्या. विद्यार्थ्याच्या चिठ्ठीवर त्याची अडचण आणि किती दिवस हवेत ते. प्राध्यापकाच्या चिठ्ठीवर, शनिवारी गुण द्यायचे आहेत, याला आधी एकदा सवलत दिली आहे. एकमेकांची चिठ्ठी बघायची नाही. समोरच्याला काय माहीत आहे ते मला माहीत नाही, एवढ्यानेच बोलणं खरं होतं. मग नीट ऐकावंही लागतं, कारण ऐकल्याशिवाय पुढचं वाक्य सुचत नाही.

भाषाशिक्षणाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिण भारतातल्या शाळांमध्ये असाच विचार करून पाहिला. तो बंगलोर प्रकल्प म्हणून ओळखला जातो. वेळापत्रकं, नकाशे अशा गोष्टी मुलांपुढे ठेवून त्यांना कोडी सोडवायला लावायची. मन कोड्यात गुंतलेलं असताना भाषा आत झिरपते, ही त्यामागची धारणा. कॉलेजात तर टाइमटेबल आयतंच असतं. चौघांना चार वेगवेगळी टाइमटेबलं द्या आणि ग्रुप प्रोजेक्टसाठी सगळ्यांना मोकळा असलेला एक तास शोधायला सांगा, फक्त बोलून. दहा मिनिटं वर्ग गजबजून जातो. वर्गात साठ-सत्तर मुलं असली तरी हे जमतं, कारण सगळ्या जोड्या, सगळे गट एकाच वेळी बोलत असतात. त्या आवाजाला शिक्षकांनी घाबरू नये.

बोलण्यातली एक गोष्ट मुद्दाम शिकवावी लागते, ती म्हणजे अदब. मराठीत आपण "सर, तुम्ही दोन दिवस द्याल का?" म्हणतो तेव्हा मान त्या 'तुम्ही'तच असतो. इंग्रजीत 'यू' सगळ्यांना एकच. त्यामुळे मान वाक्याच्या घडणीतून द्यावा लागतो. "आय वॉन्ट टू मोअर डेज" म्हणणारा मुलगा उद्धट नसतो, पण तसा वाटतो. "आय वॉज वंडरिंग इफ आय कुड हॅव टू मोअर डेज" हे लांबलचक वाक्य व्याकरणाचा नियम म्हणून कंटाळवाणं असतं. समोर आधीच वैतागलेले प्राध्यापक बसले आहेत असं म्हटलं, की त्याची गरज मुलांना लगेच पटते.

ओघ येण्यासाठी मी चार-तीन-दोन ही जुनी रीत वापरते. एकच विषय, उदाहरणार्थ कॉलेजातला माझा पहिला आठवडा. तो एका जोडीदाराला चार मिनिटांत सांगायचा, मग जोडीदार बदलून तीन मिनिटांत, पुन्हा बदलून दोन मिनिटांत. ऐकणारा नवा असल्यामुळे तेच सांगणं कंटाळवाणं होत नाही. तिसऱ्या खेपेला अडखळणं कमी होतं, हे नेशन यांनी अभ्यासून दाखवलं आहे. 2011 मधल्या एका प्रयोगात असंही दिसलं, की दर खेपेला विषय बदलला तर हा फायदा टिकत नाही. तोच विषय पुन्हा सांगणाऱ्यांचा ओघ पुढे नव्या विषयावर बोलतानाही टिकला.

आता शिक्षकमित्रांसाठी थोडं. आपण प्रश्न विचारतो आणि उत्तराची वाट किती वेळ बघतो? शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांमध्ये हे मोजलं. शिक्षक साधारण एकच सेकंद थांबत होते. तेच तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबली, न बोलणारी मुलं बोलू लागली. परक्या भाषेत तर याची गरज आणखीनच. तीन सेकंद म्हणजे किती, ते ऐका.

(तीन सेकंद शांतता.)

एवढंच. पण वर्गात उभं राहून एवढं थांबणं अवघड जातं, आणि ते जमवायला हवं. तसंच, मूल बोलत असताना मध्येच चूक दुरुस्त करू नये. ती टिपून ठेवावी आणि शेवटी नाव न घेता फळ्यावर लिहावी.

एक सावधगिरी मला फार महत्त्वाची वाटते. कॉलेजचा विषय म्हणजे प्रत्येकाला ओळखीचा, असं गृहीत धरू नका. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या मुलीला स्कॉलरशिपचा अर्ज, क्रेडिट, शिक्षकांना भेटण्याची राखून ठेवलेली वेळ, हे सगळंच नवं असतं. परदेशी पुस्तकांतलं कॉलेज तर अनेकांना परकंच. मग ज्वालामुखीचा आणि या धड्याचा त्रास सारखाच. अशा वेळी तुम्ही आणि तुमचे एखादे सहकारी फोनवर दोन मिनिटांचं साधं बोलणं रेकॉर्ड करा, लिहून न काढता, अडखळत, हसत, जसं येईल तसं. शिवाय कुणालाही स्वतःचं नापास होणं किंवा घरची आर्थिक ओढाताण वर्गासमोर सांगायला लावू नका. चिठ्ठीवरच्या दुसऱ्या कुणाची तरी भूमिका दिली की त्याच विषयावर मुलं मोकळेपणाने बोलतात.

आणि विषय निवडताना थोडी खेचाखेच असू द्या. "माझा आवडता छंद" यावर दोन वाक्यांत बोलणं संपतं. ग्रुपमधल्या एकाने काहीच काम केलं नाही आणि तरी त्याचं नाव यादीत हवंय, यावर वर्ग अर्धा तास बोलतो.

ज्यांना शिक्षक नाहीत, जे घरी एकटेच शिकत आहेत, त्यांनी एक मिनिटाचं बोलणं निवडावं आणि अडलेल्या जागेवर पुन्हा पुन्हा ऐकावं. मग ते आपल्या शब्दांत फोनवर बोलून रेकॉर्ड करावं, कागद न बघता. आठवड्याने तेच पुन्हा सांगावं आणि दोन्ही रेकॉर्डिंग लागोपाठ ऐकावीत. कुठे थांबलो, कुठे शब्द शोधत राहिलो, हे तेव्हा नेमकं कळतं. पुढच्या आठवड्यात काय ऐकायचं, ते त्यावरूनच ठरवा.

नमस्कार.